एक्स-रेत न दिसलेला तडा

दुचाकी घसरते, कबड्डीत कुणी आपटतो, पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकतो. पडताना माणूस आपसूक हात पुढे करतो आणि अंगाचा सगळा भार उघड्या तळहातावर येतो. मनगट सुजते, अंगठ्याच्या बाजूला ठणकते. एक्स-रे काढला जातो, डॉक्टर तो उजेडासमोर धरतात आणि म्हणतात, "फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे." क्रेप बँडेज, पाच दिवसांच्या गोळ्या, आणि घरी येईपर्यंत विषय संपलेला असतो. बहुतेकांच्या बाबतीत हे निदान खरेही ठरते. ज्यांच्या बाबतीत ते चुकते त्यांना मात्र त्याचा पत्ता फार उशिरा लागतो. दुखणे कमी होते, पण जात नाही. पाण्याची बादली उचलताना किंवा जमिनीवर हात टेकून उठताना कळ येते. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा एक्स-रे निघतो, तेव्हा मनगटातल्या एका हाडाचे दोन तुकडे वेगवेगळे झालेले दिसतात.

एक्स-रेत तडा दिसला नाही आणि हाड मोडलेले नाही, ही दोन निरनिराळी विधाने आहेत. पहिले फिल्मविषयी आहे, दुसरे रुग्णाविषयी. दवाखान्याच्या गर्दीत ती दोन्ही एकच समजली जातात. महागडी यंत्रे वाढली म्हणून हा घोटाळा कमी झाला असेल, असे समजायचेही कारण नाही. प्रत्येक नव्या यंत्रासोबत तो नव्या रूपात परत येतो.

ज्या हाडाची ही गोष्ट आहे त्याचे नाव स्कॅफॉइड. मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसवलेली असतात. स्कॅफॉइड अंगठ्याच्या बाजूला असून या दोन्ही ओळींना जोडून ठेवते. आठांपैकी सर्वांत जास्त वेळा मोडणारे हाड हेच. मनगटाच्या लहान हाडांच्या दर दहा फ्रॅक्चरपैकी सहा-सात याचे असतात. रुग्ण बहुतांशी तरुण पुरुष. वयस्क माणूस हातावर पडला की बहुधा कोपर आणि मनगट यांच्यामधल्या मोठ्या हाडाचे खालचे टोक मोडते, आणि ते एक्स-रेत सहसा लगेच दिसते. तरुणाचे ते हाड भक्कम असते, त्यामुळे आघात पुढे सरकून स्कॅफॉइडवर येतो.

या हाडाची खरी अडचण त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. गेल्बरमन आणि मेनन यांनी १९८० मध्ये तो तपशीलवार दाखवून दिला. रेडियल धमनीच्या शाखा हाडाच्या बोटांकडच्या भागातून आत शिरतात आणि तिथून उलट दिशेने, कोपराकडच्या टोकापर्यंत रक्त नेतात. हाडाच्या ७० ते ८० टक्के भागाची भिस्त या एकाच वाटेवर असते. कालव्याच्या शेपटाकडच्या शेताची जी गत, तीच स्कॅफॉइडच्या त्या टोकाची: मध्ये कुठे कालवा फुटला की सर्वांत आधी पाणी तुटते ते त्याचे. म्हणून हाडाच्या कमरेत, म्हणजे मधल्या निमुळत्या भागात, किंवा कोपराकडच्या टोकाशी तडा गेला तर तो तुकडा जुळायला वेळ लागतो. कधी तो जुळतच नाही, तर कधी रक्ताविना मरतो. न जुळलेल्या स्कॅफॉइडमुळे मनगटाच्या हाडांची मांडणी ढासळत जाते आणि काही वर्षांत सांधा झिजतो. विशी-पंचविशीत पडलेला माणूस चाळिशीपर्यंत संधिवाताच्या मनगटाने काम करत असतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तुकडे हललेले नसतील आणि वेळीच प्लास्टर घातले असेल, तर दहापैकी नऊ स्कॅफॉइड जुळतात. उपचाराला चार आठवड्यांहून अधिक उशीर झाला की न जुळण्याचा धोका ठळकपणे वाढतो. म्हणजे आजार बरा होण्याजोगा आहे, पण निदानाला मुदत आहे.

मग पहिल्या एक्स-रेत तो दिसत का नाही? स्कॅफॉइड मनगटात सरळ उभे नसते, तळहाताकडे सुमारे ४५ अंशांनी कललेले असते. नेहमीच्या समोरून काढलेल्या एक्स-रेत ते स्वतःवरच दुमडल्यासारखे आखूड दिसते आणि कमरेतला तडा त्या आखूडपणात लपतो. त्यासाठी हात करंगळीच्या बाजूला वळवून वेगळा एक्स-रे घ्यावा लागतो. तसे केले की हाड लांबीने उलगडते. त्याच्या जोडीला बाजूचा आणि तिरके असे मिळून निदान चार एक्स-रे घेण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात चिठ्ठीवर 'रिस्ट, एपी-लॅटरल', म्हणजे समोरून आणि बाजूने, एवढेच लिहिलेले असते. तंत्रज्ञ सांगितले तेवढेच दोन एक्स-रे काढतो, आणि ज्या कोनातून तडा दिसला असता तो कोन कुणी मागितलेलाच नसतो.

चारही एक्स-रे नीट काढले तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. तुकडे जागचे हललेच नसतील तर दोन्हींमधली फट केसाइतकीही नसते. किरण अगदी त्या फटीच्या रेषेत गेले तरच ती उमटते. स्कॅफॉइडच्या फ्रॅक्चरपैकी १५ ते २० टक्के पहिल्या एक्स-रेत निसटतात, असे साधारणपणे मानले जाते. यात वाचणाऱ्याच्या नजरेचा दोष नाही. जे फिल्मवर उमटलेलेच नाही ते नजरेला दिसणार तरी कसे?

म्हणून संशयाची सुरुवात यंत्राने नव्हे, डॉक्टरांच्या बोटांनी व्हायला हवी. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दोन ताठ दोऱ्यांच्या मध्ये एक खळगा पडतो. डॉक्टर त्याला स्नफबॉक्स म्हणतात. स्कॅफॉइड या खळग्याच्या तळाशी असते. तिथे दाबल्यावर दुखणे ही पहिली खूण. तळहाताच्या बाजूला, अंगठ्याच्या फुगीर भागाच्या मुळाशी या हाडाचा उंचवटा लागतो. तिथे दाबल्यावर दुखणे ही दुसरी. आणि अंगठा धरून त्याच्या लांबीच्या रेषेत मनगटाकडे रेटल्यावर कळ येणे ही तिसरी. १९९८ च्या एका अभ्यासात पहिल्या २४ तासांत या तिन्ही खुणा एकत्र तपासल्या तेव्हा एकही फ्रॅक्चर निसटले नाही. मात्र फ्रॅक्चर नसलेल्या चौघांपैकी साधारण एकाच्या मनगटातही त्या सापडल्या. बोटे संशय पक्का करतात, निदान पक्के करत नाहीत. तरी एका मिनिटात, फुकट, कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकणारी ही तपासणी वगळून थेट फिल्म मागवणे ही या साखळीतली पहिली चूक आहे. कारण पुढच्या प्रत्येक तपासणीचा अर्थ याच संशयावर अवलंबून असतो.

संशय आहे आणि एक्स-रे स्वच्छ आहे, अशा वेळी जुनी रीत अशी: प्लास्टर घाला, १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढा. तोवर तड्याच्या कडेचे हाड थोडे झिजेल, फट रुंदावेल आणि तडा दिसेल, हा त्यामागचा हिशेब. रीत सुरक्षित आहे, पण तिच्यात दोन उणिवा आहेत. दुसरा एक्स-रेही पुष्कळदा गोंधळात टाकतो. एकाच फिल्मवर दोन तज्ज्ञांची दोन मते पडतात. शिवाय या रीतीने प्लास्टरमध्ये अडकलेल्या दर पाच जणांपैकी साधारण चौघांचे हाड मोडलेलेच नसते. नोकरदार माणूस दोन आठवडे रजा टाकेल. हातावर पोट असलेल्या गवंड्याचे, हमालाचे, डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचे दोन आठवडे म्हणजे पंधरवड्याची मजुरी. तो तिसऱ्या दिवशी स्वतःच प्लास्टर भिजवून काढतो आणि दुसऱ्या एक्स-रेला येतच नाही. कागदावर सुरक्षित असलेली रीत प्रत्यक्षात इथे तुटते.

यावर उपाय म्हणून तीन मोठ्या तपासण्या वापरात आल्या. त्या एकाच प्रश्नाची कमी-अधिक अचूक उत्तरे देतात असे लोकांना वाटते. खरे तर तिघींचा प्रश्नच वेगळा आहे.

बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ शिरेतून टोचतात. काही तासांनी गॅमा कॅमेऱ्याखाली पाहिले की जिथे हाडाची डागडुजी चालू आहे तिथे तो गोळा झालेला दिसतो. ही तपासणी विचारते, 'इथे काही दुरुस्ती चालू आहे का?' ती तड्याची असेल, मुक्या माराची असेल किंवा जुन्या संधिवाताचीही असेल.

सीटी स्कॅन हाडाचे बारीक काप घेतो आणि विचारतो, 'हाडाच्या भिंतीत खंड पडला आहे का, तुकडे किती हलले आहेत?' तुकडा मिलिमीटरभर सरकला आहे की नाही हे सांगण्यात त्याचा हात धरणारे कुणी नाही. शस्त्रक्रिया करायची की नाही हे बऱ्याचदा त्यावरच ठरते. पण काप स्कॅफॉइडच्या लांबीच्या अक्षाला धरून मांडायला हवेत. मनगटाचा नेहमीचा सरधोपट सीटी पुरेसा नाही. हाडात शिरणाऱ्या रक्तवाहिनीची वाट तड्यासारखी दिसून फसगतही होते.

एमआरआय हाडाच्या आतल्या मगजाचा ओलावा पाहतो. चरबीचा प्रकाश दाबून घेतलेल्या चित्रात दुखावलेला मगज पांढरा उजळतो. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात त्याच जागी काळी रेघ आरपार गेलेली दिसली तर तडा आहे. नुसताच उजाळा असेल आणि रेघ नसेल तर हाडाला मार बसला आहे, ते मोडलेले नाही. या दोन चित्रांमधला फरक ओळखणे हेच एमआरआय वाचण्यातले खरे कौशल्य.

आता आकडे. कोक्रेन संस्थेने २०१५ मध्ये ११ अभ्यास एकत्र करून या तिन्हींची तुलना केली. फ्रॅक्चर असेल तर ते पकडण्याचे प्रमाण सीटीत ७२ टक्के, एमआरआयमध्ये ८८ टक्के, बोन स्कॅनमध्ये ९९ टक्के. फ्रॅक्चर नसेल तर 'नाही' म्हणण्याचे प्रमाण अनुक्रमे ९९, १०० आणि ८६ टक्के. टक्केवारीतून अर्थ लागत नाही, म्हणून माणसे मोजू. एक्स-रे स्वच्छ पण संशय कायम असे १,००० रुग्ण घेऊ आणि त्यांपैकी २०० जणांचे हाड खरेच मोडले आहे असे धरू. सीटी त्यांतल्या १४४ जणांना पकडेल आणि ५६ जणांना 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवेल. एमआरआय १७६ पकडेल, २४ सोडेल. बोन स्कॅन जवळपास सगळे, १९८ पकडेल; पण सोबत ११२ धडधाकट हाडांवरही फ्रॅक्चरचा शिक्का मारेल. त्याने दोषी ठरवलेल्या दर तिघांतला एक निर्दोष.

हेच गणित संशय न तपासता, मनगट दुखते म्हणून आलेल्या सगळ्यांवर मांडून पाहा. १,००० पैकी हाड मोडलेले ५० च असतील तर बोन स्कॅन त्यांना पकडता पकडता १३३ निरोगी माणसांना प्लास्टरमध्ये घालेल. यंत्र तेच, पण त्याच्या 'हो'ची किंमत उतरली, कारण प्रश्न विचारण्याआधी बोटांनी संशय चाळून घेतला नव्हता.

या आकड्यांवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. सीटीचा आकडा २७७ मनगटांवर उभा आहे, एमआरआयचा २२१ वर. त्याहून मूलभूत अडचण अशी, की हाड खरेच मोडले होते का हे ठरवायला कुणाकडेही निर्विवाद कसोटी नाही. या अभ्यासांत खरेखोटे ठरवले गेले ते सहा आठवड्यांनंतरच्या एक्स-रेवरून किंवा दुसऱ्या एखाद्या तपासणीवरून. म्हणजे जो एक्स-रे चुकतो म्हणून एमआरआय आणला, त्यालाच एमआरआयच्या परीक्षेत परीक्षक नेमले. एमआरआयने पकडलेला एखादा बारीक तडा सहा आठवड्यांत जुळून गेला आणि एक्स-रेत उमटला नाही, तर चूक एमआरआयच्या खात्यावर जमा होते. तेव्हा एमआरआय शंभर टक्के खरा सांगतो असे म्हणणारा केंद्रचालक आणि तो दर आठामागे एक फ्रॅक्चर सोडतो असे छातीठोक म्हणणारा टीकाकार, दोघेही पुराव्याच्या पुढे बोलत असतात.

निदान निसटण्याची भीती मोठी झाली की तिच्या पोटी दुसरी चूक जन्माला येते. ज्या मनगटाला नुसता मुका मार बसला आहे त्याच्या एमआरआयमध्येही उजाळा दिसतो. अहवालात 'बारीक फ्रॅक्चरची शक्यता नाकारता येत नाही' असे वाक्य येते आणि त्या एका वाक्यावर स्क्रू बसवण्यापर्यंत मजल जाते. इथे एक मोठा पुरावा हाताशी आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या ३१ रुग्णालयांत ४३९ प्रौढ रुग्णांवर झालेली 'स्विफ्ट' ही चाचणी २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. स्कॅफॉइडच्या कमरेतला तडा दोन मिलिमीटरपर्यंतच सरकलेला असेल, तर लगेच शस्त्रक्रिया केलेले आणि आधी प्लास्टर घातलेले रुग्ण यांच्या मनगटात वर्षअखेर फारसा फरक नव्हता. आधी प्लास्टर, आणि जुळले नाही तर तत्काळ स्क्रू, असा तिचा निष्कर्ष. तपासणी जितकी सूक्ष्म, तितका उपचार आक्रमक, हे समीकरण या हाडाने तरी खोटे ठरवले आहे.

नवी आशा कृत्रिम बुद्धिमत्तेवर लावली जात आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मनगटाचा एक्स-रे वाचणाऱ्या 'ऑस्टिओडिटेक्ट' या प्रणालीला परवानगी दिली, ती रेडियस या मोठ्या हाडाच्या खालच्या टोकापुरती. 'मनगटाचे फ्रॅक्चर ओळखणारे सॉफ्टवेअर' अशी जाहिरात वाचणाऱ्याला ही मर्यादा ठाऊक नसते. दमलेल्या निवासी डॉक्टरच्या नजरेतून सुटलेली रेघ अशी प्रणाली नक्की दाखवू शकेल. पण फिल्मवर न उमटलेल्या तड्यापुढे ती माणसाइतकीच हतबल आहे. तिला ज्या फिल्म दाखवून शिकवले, त्यांवरची 'फ्रॅक्चर नाही' ही खूण एमआरआय न करता केवळ एक्स-रे पाहून लावलेली असेल, तर आपल्याच चुका आपण तिच्याकडून वेगाने करून घेत असतो.

स्कॅफॉइडच्या नादात बाकीची हाडेही विसरता येत नाहीत. बॅट किंवा रॅकेटच्या मुठीचा दणका बसून करंगळीच्या बाजूला हॅमेट नावाच्या हाडाचा आकडा मोडतो. तो साध्या एक्स-रेत लपतो आणि सीटीत स्पष्ट दिसतो. त्याहून गंभीर म्हणजे मनगटाच्या मधल्या ल्युनेट या हाडाभोवतीची सगळी मांडणी निखळणे. बाजूच्या एक्स-रेत ते दिसत असूनही सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत सुरुवातीला लक्षात येत नाही. एकीकडे न उमटलेले शोधायला महागडी यंत्रे, दुसरीकडे उमटलेले न पाहणे, असा हा विरोधाभास आहे.

उरतो पैशाचा प्रश्न. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत नीट शारीरिक तपासणीनंतर स्कॅफॉइडचा संशय असेल तर पहिली तपासणी म्हणून एमआरआयचाच विचार करावा असे सांगितले. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लगेच एमआरआय केल्याने एकूण खर्च वाढला नाही; फुकटची प्लास्टरे आणि वाया जाणाऱ्या फेऱ्या वाचल्याने तो कमी होण्याकडेच कल दिसला. पण तिथे एमआरआयचा खर्च आणि वाचलेल्या फेऱ्यांची बचत एकाच सरकारी तिजोरीत मोजली जाते. आपल्याकडे एमआरआयचे पैसे रुग्ण खिशातून भरतो, आणि प्लास्टरमुळे बुडालेली मजुरी कुणाच्याच हिशेबात येत नाही. म्हणून तिथला निष्कर्ष जसाच्या तसा इथे चालत नाही. तरी तोडगा अशक्य नाही. संशयित स्कॅफॉइडसाठी संपूर्ण एमआरआयची गरज नसते. मोजक्या दोन प्रकारची चित्रे काही मिनिटांत निघतात आणि प्रश्नाचे उत्तर देतात. अशी छोटी, ठरलेल्या दराची तपासणी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत सुरू करणे ही धोरणाची बाब आहे, यंत्रखरेदीची नाही. जिथे एमआरआय नाहीच, तिथे योग्य अक्षाचा सीटी, आणि तोही नसेल तर प्लास्टर व ठरलेल्या तारखेला पुन्हा तपासणी, हा क्रम आजही समर्थनीय आहे. तारीख चुकवणाऱ्या रुग्णाला एक फोन करण्याची व्यवस्था मात्र हवी.

डॉक्टरांनी अहवालावर 'फ्रॅक्चर नाही' असे लिहिण्याऐवजी 'या एक्स-रेत फ्रॅक्चर दिसत नाही. संशय असल्यास प्लास्टर आणि फेरतपासणी' एवढे लिहिले तरी बरेच काही साधेल. आणि वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे: तळहातावर पडून अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर स्कॅफॉइडचे वेगळे एक्स-रे काढले का, हे विचारा. एक्स-रे नॉर्मल आला तरी खळग्यातले दुखणे टिकून असेल तर मालीश करून घेऊ नका, हाडवैद्याकडून मनगट ओढून घेऊ नका, आणि घातलेले प्लास्टर परस्पर काढू नका. दोन आठवड्यांच्या आत अस्थिरोगतज्ज्ञाकडे पुन्हा जा आणि पुढची तपासणी कोणती, कशासाठी, हे विचारून घ्या. दुखणे बोलत असेल तर फिल्मच्या मौनावर विश्वास ठेवू नये.